दृष्टिनाश, दृक्-तंत्रिकाजन्य आकस्मिक

जालपटलावर (दृष्टिपटलावर) उमटलेल्या प्रतिमेचे संदेश मेंदूकडे नेणाऱ्या दृक्-तंत्रिकेस इजा झाल्यामुळे काही क्षणांत, काही तासांत किंवा फार तर काही आठवड्यांत एका अथवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी अंशतः किंवा पूर्णतः जाणे, यास दृक्-तंत्रिकाजन्य आकस्मिक दृष्टिनाश म्हणतात. काचबिंदूतही हीच तंत्रिका क्षीण होते; परंतु तेथे ऱ्हास वर्षानुवर्षे चालतो, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही. मोतीबिंदूशी या विकाराचा काहीही संबंध नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, उतारवयात एका डोळ्याने दिसेनासे झाले म्हणजे ‘मोतीबिंदू पिकला असेल’ असे मानून स्वस्थ बसण्याची रीत अजून घरोघर आढळते आणि तेवढ्यात काही रुग्णांच्या बाबतीत दुसरा डोळा वाचविण्याची वेळ निघून जाते.

दृक्-तंत्रिका सु. ५ सेंमी. लांब असून तीत १० ते १२ लक्ष तंतू असतात. जालपटलातील गुच्छिका-कोशिकांचे हे लांबलेले अक्षतंतू नेत्रगोलाच्या मागील बाजूने बाहेर पडतात आणि नेत्रकोटर व त्यामागील अरुंद अस्थिनलिका यांतून मेंदूच्या तळाशी पोहोचतात. तेथे दोन्ही बाजूंच्या तंत्रिका एकत्र येतात व प्रत्येकीतील नाकाकडील तंतू विरुद्ध बाजूस ओलांडून जातात. या ओलांडीच्या अलीकडे इजा झाल्यास ज्या बाजूची तंत्रिका दुखावली असेल, त्याच डोळ्याची दृष्टी जाते. नावाने तंत्रिका असली, तरी रचनेच्या दृष्टीने ती मेंदूचाच पुढे आलेला भाग होय. हाताच्या बोटांकडे जाणारी तंत्रिका तुटून पुन्हा सांधली, तर तिचे तंतू हळूहळू वाढू शकतात. दृक्-तंत्रिकेचे तंतू मनुष्यात तसे वाढत नाहीत. सूज वा शोथ यांमुळे केवळ संदेशवहन थांबले असेल, तर ते पुन्हा सुरू होऊ शकते. पण जो तंतू मेला, तो गेलाच. या विकाराची चिकित्सा आणि रुग्णाचे पुढील आयुष्य या दोहोंचे स्वरूप या एका वस्तुस्थितीने ठरते.

लक्षणे : दृष्टी गेली म्हणजे सर्वत्र काळोख पसरतो, ही सामान्य समजूत बहुतेकांच्या बाबतीत खरी नसते. कोणास दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी करडा डाग दिसतो, कोणाचा खालचा अर्धा भाग पुसल्यासारखा होतो, तर कोणास सर्व दृश्य धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते. रंग, विशेषतः तांबडा रंग, फिका व मळकट दिसू लागणे, हे तंत्रिका दुखावल्याचे फार विश्वसनीय चिन्ह होय. एकच डोळा बिघडला असेल, तर रुग्णाच्या ते कित्येक दिवस ध्यानातही येत नाही. चेहरा पुसताना चांगला डोळा झाकला जातो आणि मग घाबरगुंडी उडते. बाहेरून पाहता डोळा स्वच्छ व नेहमीसारखा असतो. तंत्रिकेचा शोथ नेत्रगोलाच्या मागे असल्यास आतील भागही सुरुवातीस निरोगी दिसतो. अशा वेळी रुग्णालाही काही दिसत नाही व वैद्यालाही काही दिसत नाही, अशी नेत्रवैद्यांत जुनी उक्ती आहे. तथापि एक साधी कसोटी बहुधा फसत नाही. विजेरीचा प्रकाश एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आळीपाळीने टाकला असता, एका बाजूची तंत्रिका दुखावली असेल तर त्या डोळ्यावर प्रकाश येताच बाहुली आकुंचन पावण्याऐवजी विस्फारते. रॉबर्ट मार्कस गन (१८५०–१९०९) या नेत्रवैद्यांच्या नावाने हे चिन्ह ओळखले जाते. रुग्ण ढोंग करीत आहे, असा संशय घेण्यापूर्वी ही कसोटी पाहणे आवश्यक आहे. दुर्दैवाने दोन्ही तंत्रिका सारख्याच बिघडल्या असतील, तर ती उपयोगी पडत नाही.

कारणे : तरुण वयात, साधारणतः २० ते ४५ वर्षांच्या दरम्यान व स्त्रियांत अधिक, आढळणारे कारण म्हणजे दृक्-तंत्रिका शोथ. डोळा हलविताना दुखतो आणि काही दिवसांत दृष्टी मंदावते. बहुतेकांची दृष्टी काही आठवड्यांत बरीचशी परत येते. हा शोथ कधीकधी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदूच्या व मेरुरज्जूच्या विकाराची पहिली खूण असतो. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसून आले की, नीलेतून दिलेल्या स्टेरॉइडामुळे दृष्टी लवकर सुधारते, पण अखेरीस किती सुधारते त्यात फरक पडत नाही. केवळ तोंडाने नेहमीच्या मात्रेत स्टेरॉइड दिलेल्यांत तर शोथ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. याच रुग्णांचा पुढे १५ वर्षे मागोवा घेतला असता निम्म्या रुग्णांत मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे दिसले. एझेन देव्हीक (१८५८–१९३०) यांनी १८९४ मध्ये वर्णिलेला, मेरुरज्जूसही ग्रासणारा प्रकार याहून निराळा व अधिक घातक असतो. त्याचे कारण असलेले प्रतिपिंड २००४ मध्ये सापडल्यापासून तो रक्ततपासणीने ओळखता येतो आणि त्यावरील दीर्घकालीन औषधयोजनाही वेगळी असते.

पन्नाशीनंतरचे प्रमुख कारण तंत्रिकाशीर्षाचा रक्तपुरवठा तुटणे हे होय. रुग्ण सकाळी झोपेतून उठतो तोच एका डोळ्याची, बहुधा खालच्या अर्ध्या भागाची, दृष्टी गेलेली असते; वेदना मुळीच नसतात. मधुमेह, अतिरक्तदाब, झोपेत रक्तदाब फार उतरणे आणि जन्मतःच तंत्रिकाशीर्ष लहान व दाटीचे असणे या गोष्टी त्यास पोषक ठरतात. याच विकाराचा एक निराळा प्रकार वृद्धांत मोठ्या रोहिण्यांच्या शोथामुळे उद्भवतो. कानशील दुखणे, केस विंचरताना टाळूस वेदना होणे व घास चावताना जबडा भरून येणे ही त्याची पूर्वसूचक लक्षणे आहेत. भारतात तो तुलनेने विरळा असला, तरी ओळखलाच पाहिजे. कारण उपचार न झाल्यास काही दिवसांतच दुसरा डोळाही जाऊ शकतो.

टेओडोर लेबर (१८४०–१९१७) या जर्मन नेत्रवैद्यांनी १८७१ मध्ये वर्णिलेला आनुवंशिक विकार प्रामुख्याने १५ ते ३५ वर्षे वयाच्या पुरुषांत दिसतो. प्रथम एका व नंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसऱ्या डोळ्याची मध्यवर्ती दृष्टी वेदनेशिवाय जाते. १९८८ मध्ये त्याचे मूळ कलकणूंतील (कोशिकेत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील) जनुकीय द्रव्याच्या बदलात असल्याचे सिद्ध झाले. कलकणू केवळ आईकडून मिळतात, म्हणून हा दोष मातेकडून अपत्यांत उतरतो. पुरुष रुग्णाकडून मात्र तो त्याच्या मुलांत जात नाही. लग्नाच्या बोलण्यांत ही दुसरी गोष्ट सांगितली जात नाही आणि पहिलीचा विपर्यास होऊन घरात आईस दोष दिला जातो, हे दोन्ही अन्यायाचे आहे. दोष असलेल्या प्रत्येकाची दृष्टी जातेच असे नाही. धूम्रपानाने मात्र धोका वाढतो.

विषांपैकी मिथेनॉल (मिथिल अल्कोहॉल) सर्वांत भयंकर होय. यकृतात त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होते व ते कोशिकांची श्वसनक्रिया बंद पाडते. दारू प्याल्यानंतर १२ ते २४ तास काही जाणवत नाही. नंतर दृष्टीपुढे बर्फ पसरल्यासारखे पांढरे दिसू लागते. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगांतून जे वाचतात, त्यांतील काहींची दृष्टी कायमची जाते. मृतांच्या आकड्यांत त्यांची नोंद नसते. क्षयावरील एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित दोन्ही तंत्रिकांस बाधते. भारतातील प्रचलित सहा महिन्यांच्या उपचारक्रमात ते अखेरपर्यंत दिले जात असल्यामुळे रंग फिके दिसू लागताच रुग्णाने डॉक्टरांस सांगावे. आपण होऊन सर्व औषधे सोडून देणे मात्र घातक ठरते. याखेरीज भुवईवर वा कपाळावर बसलेला जोराचा मार अस्थिनलिकेतील तंत्रिकेस चिरडू शकतो. हेल्मेटविना दुचाकी चालविणाऱ्यांत अशी इजा होते व डोळ्यावर ओरखडाही नसताना दृष्टी गेलेली असते.

चिकित्सा : आकस्मिक दृष्टिनाश हा, दुखत नसला तरी, त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग होय. रोहिणीशोथात तपासण्यांची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. गेलेली दृष्टी त्याने क्वचितच परत येते, पण दुसरा डोळा वाचतो. मिथेनॉलच्या विषबाधेत फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली एथिल अल्कोहॉल देऊन फॉर्मिक अम्ल बनण्याची क्रिया रोखतात, रक्तातील अम्लता सोडाक्षाराने उतरवितात व अपोहनाने (डायलिसिसने) विष काढून टाकतात. लेबर-विकारासाठी आयडेबेनोन या औषधास यूरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळाली असून त्याचा लाभ काही रुग्णांनाच होतो. रक्तपुरवठा तुटून झालेल्या सर्वसामान्य प्रकारावर खात्रीचा उपाय नाही. तंत्रिकेभोवतीचे आवरण छेदण्याची शस्त्रक्रिया एकेकाळी केली जाई. ती निरुपयोगी व कदाचित अपायकारकही असल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवून दिले. स्तंभ-कोशिकांची (स्टेम सेलची) म्हणून पैसे घेऊन जी अंतःक्षेपणे दिली जातात, त्यांपासून तुटलेली तंत्रिका जुळते असे सिद्ध झालेले नाही.

‘दुसऱ्याचा डोळा बसविता येणार नाही काय?’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. नेत्रदानातून जे रोपण होते, ते डोळ्याच्या पुढील स्वच्छमंडलाचे (बुबुळावरील पारदर्शक पडद्याचे). संपूर्ण डोळ्याचे नव्हे. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे संपूर्ण डोळ्याचे रोपण प्रथमच करण्यात आले. तो डोळा जिवंत राहिला, पण त्याला दृष्टी आली नाही. कारण लक्षावधी तंतू जोडण्याची विद्या अजून हाती आलेली नाही. म्हणून आपला डोळा देऊ करणाऱ्या आईवडिलांस तो नाकारताना हे कारण नीट समजावून सांगितले पाहिजे.

दृष्टिनाशानंतरचे जीवन : पहिले काही महिने रुग्ण व कुटुंब दृष्टी परत येण्याची वाट पाहत असतात. शोथात ही वाट पाहणे सार्थ असते. इतर बहुतेक प्रकारांत मात्र सहा महिन्यांनंतर फारशी सुधारणा होत नाही. लेबर-विकारात काही थोड्यांना ती पुढेही लाभते. वाट पाहण्यात वाईट काही नाही. पण ‘डोळे आले की मग बघू’ म्हणून शिक्षण, नोकरी व चालणे-फिरणे थांबवून ठेवले जाते, ही खरी हानी होय. उपचार व पुनर्वसन एकामागून एक नव्हे, तर बरोबरीने चालू झाले पाहिजेत.

एक डोळा गेला म्हणजे प्रथम खोली व अंतर यांचा अंदाज जातो. चहा कपाबाहेर पडतो, सुईत दोरा जात नाही, जिन्याची शेवटची पायरी चुकते. ओतताना किटलीचे तोंड कपाच्या काठाला टेकविणे, पायरीवर कठड्यास हात लावणे, रस्ता ओलांडताना गेलेल्या डोळ्याच्या बाजूस मान पूर्ण वळविणे या सवयी लावून घ्याव्या लागतात. डोके किंचित हलविल्यास जवळच्या वस्तू दूरच्यांपेक्षा अधिक सरकताना दिसतात. या खुणेवरून मेंदू काही महिन्यांत अंतराचा नवा हिशेब शिकतो. तोवर वाहन चालवू नये. शोथातून बऱ्या झालेल्यांस आणखी एक विचित्र अनुभव येतो. दुखावलेल्या तंत्रिकेतून संदेश किंचित उशिरा पोहोचत असल्यामुळे सरळ झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो आणि समोरून येणारे वाहन वळण घेत अंगावर येत असल्याचा भास होतो. कार्ल पुलफ्रिक यांनी १९२२ मध्ये या आविष्काराची मीमांसा केली. ते स्वतः एका डोळ्याने अंध असल्यामुळे त्यांना तो कधीच पाहता आला नाही. गरम पाण्याने स्नान केल्यावर किंवा उन्हातून चालून आल्यावर दृष्टी काही वेळ अंधूक होणे, हाही याच रुग्णांचा अनुभव होय. व्हिल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये त्याची नोंद केली. शरीर निवताच दृष्टी पूर्ववत होते व तो शोथाचा नवा झटका नसतो, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळजण घाबरतात.

खालचा अर्धा भाग गेलेल्यास उंबरा, दारातल्या चपला, उतरता जिना आणि ताटातील आपल्याकडची बाजू दिसत नाही. त्याने चालताना हनुवटी खाली आणून पुढे पाहण्याचा सराव करावा. पायऱ्यांच्या कडांवर पिवळी पट्टी रंगविल्यास घरातील अपघात पुष्कळ टळतात. दुहेरी भिंगाचा चष्मा येथे अडचणच करतो.

मध्यवर्ती दृष्टी गेलेल्याची स्थिती सर्वांत अधिक गैरसमजास पात्र ठरते. तो गर्दीतून न धडकता चालतो, खाली पडलेली वस्तू उचलतो, पण समोरच्या माणसाचा चेहरा किंवा बसचा क्रमांक त्यास ओळखता येत नाही. मग ‘ओळख दाखवीत नाही’, ‘सोंग करतो’ अशी बोलणी ऐकावी लागतात. जालपटलाच्या कडेच्या शाबूत भागाने पाहण्याचा सराव केला, म्हणजे नजर वस्तूच्या थोडी वर किंवा बाजूस ठेवली, तर बरेच दिसू लागते. ऐकणाऱ्यास मात्र हा आपल्याकडे पाहतच नाही असे वाटते. अशा व्यक्तीशी बोलताना प्रथम आपले नाव सांगावे. भिंग, भरपूर प्रकाश, जाड काळ्या शाईचे लेखन व रंगांचा विरोध यांचा मोठा उपयोग होतो. पांढऱ्या ताटलीतील भात दिसत नाही, तो गडद रंगाच्या ताटलीत दिसतो. १०० रुपयांच्या व त्यावरील नव्या नोटांच्या कडांना उठावाच्या तिरप्या रेषा असतात, पण वापराने त्या झिजतात. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखून मूल्य सांगणारी ‘मनी’ ही मोबाइल प्रणाली उपलब्ध करून दिली आहे.

एक गोष्ट रुग्ण बहुधा कोणालाही सांगत नाहीत. गेलेल्या दृष्टीच्या जागी कधीकधी माणसे, फुले, भिंतीवरची नक्षी किंवा लहान मुलांच्या रांगा स्पष्ट दिसतात. जिनीव्हा येथील शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या दृष्टी मंदावलेल्या आजोबांच्या अशा अनुभवाचे वर्णन केले. डोळ्यांकडून संदेश येणे थांबल्यावर मेंदूतील दृष्टिकेंद्र स्वतःच चित्रे निर्माण करते, एवढाच त्याचा अर्थ. आपणास दिसते ते खरे नाही, याची जाणीव रुग्णास असते. हे वेड नव्हे व बाहेरची बाधाही नव्हे. तसे समजावून सांगितले की, निम्मी भीती जाते. डोळे मिटून उघडल्याने किंवा दिवा लावल्याने ही चित्रे पुष्कळदा नाहीशी होतात.

दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्णपणे गेल्यास काठीने चालण्याचे पद्धतशीर शिक्षण घ्यावे. पावलाच्या विरुद्ध बाजूस जमिनीलगत काठी कमानीत फिरविण्याची आजची पद्धती रिचर्ड हूव्हर यांनी १९४४ मध्ये अमेरिकेत युद्धांध सैनिकांसाठी बसविली. सोबत देणाऱ्याने अंध व्यक्तीस दंडाला धरून पुढे ढकलू नये. तिला आपल्या कोपराचा आधार देऊन स्वतः अर्धे पाऊल पुढे चालावे, म्हणजे पायरीचा चढ-उतार तिला आपोआप कळतो. प्रकाशाची जाणीवही उरली नसेल, तर दिवस-रात्रीचे शारीरिक घड्याळ सरकत जाऊन झोपेच्या वेळा बिघडतात. हा आळस नव्हे. प्रौढ वयात ब्रेल शिकणे शक्य असले, तरी वेग कमी राहतो आणि मधुमेहाने बोटांची संवेदना बोथट झालेल्यांस ते अवघड जाते. अशांना डबे, औषधांच्या बाटल्या यांवरील खुणांपुरते ब्रेल व वाचन-लेखनासाठी मोबाइल अथवा संगणकावरील वाचक-प्रणाली अधिक सोयीची पडते. एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली मराठी मजकूरही वाचून दाखविते.

प्रौढ वयात दृष्टी गमावलेल्यांसाठी स्वतंत्र शिक्षण असावे, हा विचार पहिल्या महायुद्धात पुढे आला. काचबिंदूने अंध झालेले वृत्तपत्रमालक आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये लंडन येथे सेंट डन्स्टन्स ही युद्धांधांची संस्था काढली. तिच्या धर्तीवर १९४३ मध्ये डेहराडून येथे वसतिगृह सुरू झाले. आजच्या राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे ते मूळ होय. मुंबईत व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ मध्ये व नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली. तरीही चाळिशीत अचानक अंध झालेला लेखनिक किंवा गवंडी अंधशाळेची पायरी चढण्यास कचरतो. तिचे नाव घेतले, तर आशा सोडल्यासारखे होईल असे त्यास वाटते. त्याच्या नेत्रवैद्यानेच तेथे जाण्याची चिठ्ठी दिली, तर हा संकोच पुष्कळ कमी होतो. पण रुग्णालयातून घरी पाठविताना ही चिठ्ठी क्वचितच दिली जाते.

कायद्याची स्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये चांगल्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे यास अंधत्व मानतात. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून कमी करता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. मूळ काम झेपत नसल्यास समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याची नेमणूक करावी लागते व तसे पद नसल्यास अधिसंख्य पद निर्माण करावे लागते. ही तरतूद माहीत नसल्यामुळे घाईने राजीनामा देणारे कर्मचारी आढळतात. खाजगी आस्थापनांस हे कलम लागू नाही. आरक्षणासाठी व बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दुसरा डोळा निर्दोष असलेल्या व्यक्तीचे दिव्यांगत्व ३० टक्के धरले जात असल्यामुळे, एका डोळ्याची दृष्टी गेल्याने वाहनचालकाची नोकरी गेली, तरी ती व्यक्ती या सवलतींबाहेर राहते.